रात्री किती माणसं जागी असतात?

मराठीत मुलाला शाळेत 'घालतात', पेशंटला दवाखान्यात 'ॲडमिट करतात', कॉलेजच्या पोराला होस्टेलवर 'ठेवतात'. म्हाताऱ्या माणसाला वृद्धाश्रमात मात्र 'टाकतात'. कचरा टाकतात, वाळीत टाकतात, तसं. आमच्या घरात हे क्रियापद पहिल्यांदा उच्चारलं ते माझ्या आत्याने. बेळगावहून, फोनवर, रडत रडत. "टाकलंत ना आईला शेवटी?" फोन स्पीकरवर होता. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. तिच्या कमरेला पट्टा होता.

त्या पट्ट्याबद्दल आत्याने कधी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं.

हा लेख त्या क्रियापदाविरुद्ध आहे. वृद्धाश्रम ही फार छान गोष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. मी दोन वृद्धाश्रम आतून पाहिलेत. त्यातल्या एकाबद्दल पुढे सांगणार आहे, ते वाचून तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते तिची आपण चौकशी करत नाही, आणि जिथे कोणी चौकशी करत नाही तिथे काहीही चालतं. आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत जे वाईट चालतं त्याला कृतघ्न मुलं जबाबदार असतीलही. पण त्या कृतघ्न मुलांवरचे व्हिडिओ रडक्या इमोजींसह फॅमिली ग्रुपवर पुढे ढकलणारे आपण सगळेही तितकेच जबाबदार आहोत.

* * *

आजी २०२२च्या पावसाळ्यात सांगलीच्या घरी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण ती पुन्हा नीट उभी राहिली नाही. आधीपासून थोडा विसरभोळेपणा होता, तो झपाट्याने वाढला. सहा महिन्यांत ती बाबांना 'दादा' म्हणायला लागली. दादा म्हणजे तिचा भाऊ, मी जन्मायच्याही आधी वारलेला. रात्री दोन वाजता तिला शाळेत जायचं असायचं आणि दप्तर सापडत नसायचं.

"आम्ही आजीचं सगळं घरीच करतो," असं आम्ही अभिमानाने सांगायचो. या वाक्यातल्या 'आम्ही'ची फोड अशी: बाबा औषधं आणायचे आणि बँकेची कामं बघायचे. काका महिन्यातून एकदा ठाण्याहून यायचा, फळं घेऊन. मी पुण्याहून पैसे पाठवायचो, दर एक तारखेला, ऑटो-पे लावलं होतं. आणि बाकीचं आई करायची. बाकीचं म्हणजे अंघोळ, डायपर, भरवणं, ओकारी, चादरी, रात्रीचं दप्तर शोधणं. आई एका खासगी शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना तिने नोकरी सोडली. त्यावर घरात चर्चाही झाली नाही. सोडायची म्हटल्यावर तीच सोडणार, हे सगळ्यांना न बोलता माहीत होतं.

ब्युरोकडून दिवसाच्या मावशी मिळाल्या. सकाळी आठ ते रात्री आठ. त्यांची सुट्टी असली की आई. रात्रीच्या मावशी दोनदा मिळाल्या आणि दोनदा सोडून गेल्या, कारण आजी झोपायचीच नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. रोज. स्वतःच्या वजनाएवढ्या माणसाला, त्याच्या कातडीला ओढ बसू न देता. आई रात्री दहा, बारा, दोन, चार असे गजर लावायची. कधीतरी एका रात्री दोनचा गजर वाजला, तिने तो बंद केला आणि तशीच झोपली. मग तसं अधूनमधून होऊ लागलं. मार्चमध्ये आजीच्या माकडहाडावर बेडसोर झाला. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी जखम दाखवली तेव्हा मी दुसऱ्या खोलीत निघून गेलो. आई गेली नाही. ती बॅटरी धरून उभी राहिली.

मी ज्या कंपनीत काम करतो तिथे एक ॲप रात्री बंद पडू नये म्हणून सात जणांची ऑन-कॉल पाळी आहे. आठवड्यातून एकाची. रात्री दोनला फोन आला तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा. कारण थकलेला माणूस चुका करतो, हे आमच्या मॅनेजरलाही कळतं. त्या ॲपवर लोक चपला मागवतात. चपलांसाठी सात माणसं आणि आजीसाठी एक. आणि त्या एका माणसाला गजर ऐकू आला नाही, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात म्हटलं, थोडं लक्ष द्यायला हवं होतं.

बेडसोर घरात झाला, हे पुन्हा एकदा वाचा. वृद्धाश्रमात नाही. प्रेमाच्या माणसांत, देवघराशेजारच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर झाला. प्रेम कमी पडलं नव्हतं. माणसं कमी पडली होती.

* * *

या विषयावर कोणी तोंड उघडलं की समोरून श्रावणबाळ येतो. आपल्या राज्य सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेचं नावसुद्धा श्रावणबाळ आहे. तर ती गोष्ट एकदा नीट आठवू या.

आंधळे आईवडील, एकुलता मुलगा, खांद्यावर कावड. मुलगा पाणी आणायला जातो, दशरथाचा बाण लागतो, मुलगा मरतो. मग आईवडीलही मरतात. एक बाण आणि तीन मृत्यू. लहानपणी मला वाटायचं ही मातृपितृभक्तीची गोष्ट आहे. आता इंजिनिअर म्हणून वाचतो तेव्हा दिसतं की ही सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअरची गोष्ट आहे. सगळा भार एका खांद्यावर दिला होता, दुसरा खांदा नव्हता, आणि तो एक गेल्यावर काय करायचं याचा विचार कोणी केला नव्हता. आपण त्या मुलाची मूर्ती केली आणि कावडीचं डिझाइन तसंच ठेवलं. फरक एवढाच की आजच्या घरांत कावड बहुधा सुनेच्या खांद्यावर असते, आणि श्रावणबाळ म्हणून नाव मुलाचं होतं.

हे डिझाइन पुढे तर अजिबात चालणार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. म्हणजे दोन आईवडिलांमागे दोन मुलंही नाहीत. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की साठीपुढच्या दर १०० भारतीयांपैकी सुमारे ७ जणांना डिमेन्शिया आहे. देशभरात ही संख्या ८८ लाखांच्या आसपास जाते. यातली प्रत्येक व्यक्ती कोणाच्या ना कोणाच्या रात्रीच्या दोनच्या गजरावर जगते आहे. तुम्ही आज पंचविशीत असाल, एकुलते असाल आणि पुढेमागे लग्न एकुलत्या व्यक्तीशी करणार असाल, तर तुमच्या दोघांच्या वाट्याला चार म्हातारी माणसं आहेत. जमलं तर 'संस्कार' बाजूला ठेवून नुसतं गणित करून बघा.

"पण ही वृद्धाश्रमाची टूम पाश्चात्त्यांची, आपल्याकडे असं नव्हतं." पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला निवारा १८६०च्या दशकापासून आहे. म्हणजे लोकमान्य टिळक शाळकरी होते तेव्हा पुण्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी जागा होती, कारण निराधार म्हातारे होते. ते तेव्हाही होते आणि त्याच्याही आधी होते. त्यांच्यावर व्हिडिओ निघत नव्हते, एवढंच.

* * *

बेडसोर झाल्यावर बाबांनी, पहिल्यांदाच, शब्द उच्चारला. मी विरोध केला. हो, मीच. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. ऑटो-पे लावलेला नातू एवढं तरी म्हणणारच. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग तू ये इकडे राहायला." मी गप्प बसलो. त्या दिवसापासून मी फोन करायला लागलो.

अकरा ठिकाणी फोन केले. त्यातल्या आठ ठिकाणी पहिल्याच प्रश्नात विषय संपला: "चालता-फिरता आहेत ना? स्वतःचं स्वतः करतात ना?" बेडरिडन घेत नाही. डिमेन्शिया घेत नाही. रात्री ओरडणारे तर नाहीच नाही. ज्यांना आधार सगळ्यात कमी लागतो त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त जागा होत्या. राहिली तीन ठिकाणं. त्यातलं एक आम्ही निवडलं. कशावरून? फोटोंवरून. बाग होती, विठ्ठलाची मूर्ती होती, नकाशावर चार पूर्णांक काहीतरी स्टार होते. महिना बावीस हजार, डायपर वेगळे, तीन महिन्यांचं डिपॉझिट. भेटायची वेळ चार ते सहा.

पाच आठवडे आम्ही चार ते सहामध्ये गेलो. आजी धुतलेल्या गाऊनमध्ये, केसांना तेल लावून बसवलेली असायची. सहाव्या आठवड्यात आई एका लग्नाहून परतताना वाटेत उतरली आणि सकाळी सातला तिथे पोचली. आजीचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला ओढणीने बांधलेले होते. चादर रात्रभराची ओली होती. बेडसोरवरची पट्टी आदल्या दिवसाची नव्हती, त्याच्याही आधीची होती. चाळीस माणसांत रात्री एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची, जिला कोणी काहीही शिकवलेलं नव्हतं. ती आईला बघून रडायलाच लागली. व्यवस्थापक म्हणाले, "बांधलं नसतं तर पडल्या असत्या. मग तुम्हीच आमच्यावर धावून आला असता."

आम्ही आजीला त्याच दिवशी घरी आणलं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आम्ही तक्रार केली नाही. मी अर्ज लिहून तयार ठेवला होता. बाबा म्हणाले, "नको. गावभर होईल. आपण आईला तिथे ठेवलं होतं हे सगळ्यांना कळेल."

मी या वाक्यावर खूप दिवस विचार केला आहे. त्या व्यवस्थापकाला कोणी वाचवलं? पोलिसांनी नाही, राजकारण्यांनी नाही. आमच्या लाजेने वाचवलं. आत्याच्या त्या एका क्रियापदाने वाचवलं. उरलेल्या एकोणचाळीस माणसांच्या घरच्यांचंही असंच असेल. त्यांच्यापैकी कोणी सकाळी सातला गेलं असेल, काहीतरी पाहिलं असेल, आणि गप्प घरी आलं असेल. कारण तिथे काय झालं हे सांगायचं तर आधी आपण तिथे 'टाकलं' हे सांगावं लागतं.

त्या जागेचे स्टार अजून तसेच आहेत. रिव्ह्यू वाचा. "खूप छान सेवा, मुलाचा वाढदिवस आजी-आजोबांसोबत साजरा केला." "आमच्या मंडळातर्फे अन्नदान, मन भरून आलं." रिव्ह्यू देणारे सगळे केक घेऊन दुपारी आलेले आहेत. तिथे झोपणाऱ्या एकाही माणसाचा रिव्ह्यू नाही. तुमच्यापैकी कोणी असा वाढदिवस केला असेल तर वाईट वाटून घेऊ नका, हेतू चांगलाच असतो. पण मधुमेही माणसांना शिरापुरी वाढून फोटो काढण्याआधी एकदा विचारायचं होतं, इथे रात्री किती माणसं जागी असतात? तेवढ्या एका प्रश्नाची किंमत तुमच्या केकपेक्षा जास्त होती.

* * *

मग कायदा काय करतो? कायदा आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा, २००७. तो मी बसून वाचला. तुम्हीही वाचा, फार मोठा नाही.

त्यात 'मुलं' या शब्दाची व्याख्या आहे: मुलगा, मुलगी, नातू, नात. सज्ञान नातू म्हणून आजीची जबाबदारी माझ्यावरही येते. सून त्या व्याख्येत नाही. म्हणजे आमच्या घरात ज्या एकाच माणसाने सगळं केलं तिचा कायद्यात उल्लेखच नाही, आणि ज्याने ऑटो-पे लावलं त्याचा आहे. मग २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं, त्यात सून आणि जावई घालायचं ठरलं. कशासाठी? जबाबदार धरण्यासाठी. चौदा महिने रात्री न झोपलेल्या बाईला कायद्याने पहिल्यांदा बघितलं ते असं.

कायद्याचा सगळा जोर मुलांकडून वसुलीवर आहे. न्यायाधिकरण महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये देववू शकतं. म्हाताऱ्या माणसाला सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संपत्ती लिहून दिल्यावर मुलांनी सांभाळलं नाही तर तो व्यवहार रद्द करता येतो, मात्र सांभाळायच्या अटीवरच लिहून दिलेली असली पाहिजे. 'नटसम्राट'मधल्या अप्पा बेलवलकरांनी वकील गाठला असता तर त्यानेही आधी हेच विचारलं असतं. हे सगळं असायला माझी हरकत नाही. पण यातलं एकही कलम आजीची कूस बदलत नाही.

कूस बदलण्याच्या जवळ जाणारं कलम १९ वं. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांना पुरेल असा वृद्धाश्रम उभारू 'शकेल'. उभारेल, असं नाही. आणि या 'शकेल'वर इतकी वर्षं निघाली की २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला अश्वनी कुमार खटल्यात केंद्राला सांगावं लागलं, राज्यांकडून आधी माहिती तर गोळा करा, कुठल्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत. कायदा झाल्यावर अकरा वर्षांनी मोजणीचा आदेश. महाराष्ट्रात तर नव्वदच्या दशकात युती सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली होती. म्हणजे कल्पना जुनी आहे, नावंही भावुक आहेत. नावं ठेवण्यात आपण कधीच कमी पडलो नाही.

त्या २०१९च्या विधेयकात एक खरोखर चांगली गोष्ट होती. खासगी असो वा संस्थेचा, प्रत्येक वृद्धाश्रमाची नोंदणी आणि किमान दर्जा. ते विधेयक संसदीय समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते मंजूर न होताच संपलं. रस्त्यावर कोणी उतरलं नाही. फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला नाही. त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर वृद्धाश्रमाच्या फाटकाशी मुलाची वाट बघणाऱ्या आईचा व्हिडिओ मात्र तीन वेळा आला.

वडापावच्या गाडीला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. नर्सिंग होमसाठी आपल्याकडे १९४९चा कायदा आहे. २०२४ साली महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांचे नियम काढले: दरवाजे किती रुंद हवेत, लिफ्ट कशी हवी, रॅम्प कुठे हवा. चांगलं केलं. पण दाराची रुंदी तपासणाऱ्या व्यवस्थेला त्या दारातून रात्री आत किती माणसं येतात हे विचारावंसं वाटत नाही. कारण दारं बिल्डर विकतो आणि ग्राहक भांडतो. सेवा मात्र लाज वाटणारे लोक विकत घेतात, आणि लाज वाटणारा ग्राहक कधी भांडत नाही.

* * *

आक्षेप मला माहीत आहेत. दोन गंभीर आहेत.

पहिला असा, की तपासणी आली की इन्स्पेक्टर येणार, इन्स्पेक्टर आला की पाकीट येणार, आणि पाकीट न परवडणारे छोटे, प्रामाणिक वृद्धाश्रम बंद पडणार. ही भीती खरी आहे. म्हणून नुसती तपासणी पुरेशी नाही, तपासणीचा निकाल उघड्यावर हवा. इंग्लंडमध्ये केअर होमची तपासणी बऱ्याचदा न सांगता होते, अहवाल इंटरनेटवर टाकतात आणि मिळालेला शेरा दारावर लावावा लागतो. तिथे गैरप्रकार होत नाहीत असं नाही. कोव्हिडच्या पहिल्या लाटेत युरोपातल्या केअर होम्समध्ये हजारो म्हातारी माणसं गेली. पण ते जगाला कळलं, सरकारांना उत्तरं द्यावी लागली, कारण तिथे कोणीतरी मोजत होतं. पाकीट घेऊन लिहिलेला अहवालसुद्धा उघड्यावर असेल तर सकाळी सातला पोचलेली एखादी आई त्याला खोटं पाडू शकते. अहवालच नसेल तर तिच्याकडे फक्त रडणं उरतं. आणि छोट्या संस्थांना वर्षभराची मुदत द्या, अनुदान द्या, प्रशिक्षण द्या. चाळीस माणसांमागे रात्री एक मुलगी ठेवायची परवानगी मात्र देऊ नका.

दुसरा आक्षेप पैशाचा. मला आयटीचा पगार आहे म्हणून मी हे बोलू शकतो. बरोबर. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आमच्या दिवसाच्या मावशींची स्वतःची आई जत तालुक्यात एकटी राहते, आणि मावशी सांगलीत माझ्या आजीला भरवायला येत होत्या. त्यांच्या आईला कोण भरवत होतं हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. सांगायचं हेच, की हा प्रश्न एकेका घराने आपापल्या खिशातून सोडवण्यासारखा नाहीच. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून सगळे हप्ता भरतात. म्हातारपणी गरज किती आहे ते तपासून तेवढी मदत मिळते, घरी किंवा संस्थेत. आणि जपान हा काही आईवडिलांना विसरलेला देश नाही. सासू-सासऱ्यांचं सुनेनेच करायचं ही अपेक्षा तिथेही पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांनी सुनांना उपदेश करायचं थांबवून हिशेब केला. आपण उद्याच तसं करू शकणार नाही, पण निदान कलम १९मधला 'शकेल' काढून 'उभारेल' करा ही मागणी तरी करू शकतो. त्याला शब्दच बदलायचा आहे. शब्दांवर तर आपलं फार प्रेम आहे.

* * *

दुसरा वृद्धाश्रम आम्हाला ड्रेसिंगवाल्या सिस्टरनी सांगितला. कोल्हापूर रस्त्यावर, एका निवृत्त नर्सने चालवलेला. बाग नव्हती. भिंतींचा रंग उडालेला. तीस माणसं, रात्री चार जण जागे. प्रत्येक पलंगाशी एक वही लटकवलेली, त्यात वेळ, कूस आणि सही: १० डावी, १२ उजवी, २ पाठ, ४ डावी. भेटायची वेळ विचारली तर बाई म्हणाल्या, "कधीही या. फक्त चपला बाहेर." महिना अठ्ठावीस हजार.

साडेतीन महिन्यांत आजीचा बेडसोर भरला. घरच्या प्रेमाने न भरलेली जखम एका दोन रेघी वहीने भरली.

आणखी एक गोष्ट झाली, तिची मी अपेक्षा केली नव्हती. आई दर रविवारी तिथे जायला लागली. तिला डायपर बदलायचा नसायचा, गजर नसायचा. ती आजीचे केस विंचरत बसायची, दोघी मिळून कसलीतरी जुनी गाणी म्हणायच्या. बत्तीस वर्षं सासू-सून होत्या, शेवटची चौदा महिने पेशंट आणि नर्स होत्या. तिथे त्या पहिल्यांदा नुसत्या दोन बायका म्हणून एकमेकींशेजारी बसल्या. आजी तिथेच गेली, गेल्या वर्षी, पहाटे. वहीत चारची सही होती. पाचला हात लावला तर थंड, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे ती एकटी एका तासापेक्षा जास्त नव्हती. आमच्या घरी मला ही खात्री देता आली नसती.

चांगला आणि वाईट यांतला हा सगळा फरक आम्हाला केवळ नशिबाने कळला. एका सिस्टरच्या ओळखीने. उद्या तुम्हाला लागेल तेव्हा ती सिस्टर भेटेलच असं नाही. म्हणून जायच्या आधी विचारा: रात्री किती माणसं जागी असतात, आणि त्यांना काय शिकवलंय? कूस बदलल्याची वही दाखवता का? कोणाला बांधता का, आणि ते कोण ठरवतं? कोणी पडलं तर पहिला फोन कोणाला, गाडी कुठून? मी न सांगता आलो तर आत घ्याल का? उत्तर टाळलं तर उठून चालू लागा. आणि आत काही वाईट दिसलं तर लेखी तक्रार करा, नाव घालून. आम्ही केली नाही. ती एकोणचाळीस माणसं अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आई आता साठीला आली. मध्यंतरी सुट्टीला गेलो होतो, ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठेवायची वेळ आली तर लाजू नकोस हं."

मी म्हटलं, "काहीतरीच काय."

"काहीतरीच नाही. ठेव. फक्त आधी एकदा रात्री जाऊन बघून ये."